खर्जाची जागा

नाशिकच्या गंगापूर रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. त्यातली सर्वांत लहान खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ती रिकामी झाली, तेव्हा तिथे फक्त गाणे ऐकण्याची सोय करायची असे मी ठरवले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला एक भाग मी या एका गोष्टीसाठी आधीच बाजूला ठेवला होता. उत्तम स्पीकर आणले की काम झाले, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती समजूत दुरुस्त व्हायला दीड वर्ष लागले.

उत्तम म्हणजे काय, याचे माप मात्र माझ्या कानात फार आधीपासून होते. शाळेत असताना मी पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात गाणे शिकायला जात असे. बाई माजघरात शिकवत. मातीत बांधलेल्या जाड विटांच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्यांची तक्तपोशी, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि तिच्यावर जाजम, असे ते माजघर होते. लांबीरुंदीने ते माझ्या आजच्या खोलीएवढेच असेल. बाई तानपुरा जुळवू लागल्या की पहिली काही मिनिटे कोणी बोलायचे नाही, असा दंडक होता. ‘‘आधी तानपुरा ऐक, मग तोंड उघड,’’ असे त्या म्हणत. पंचम, मग जोडाच्या दोन तारा आणि शेवटी पितळी तारेचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज. तो खर्ज खोलीत पसरायचा, पण कुठेही साचायचा नाही. बाईंच्या बोटाखालून सुटलेला स्वर पुढच्या पंचमाला वाट करून देऊन विरून जायचा. मला घरात हवे होते ते हेच.

स्पीकर निवडायला मी मुंबईला गेले. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघून संध्याकाळी परत येता येते, म्हणून तीन वेळा गेले. एका दालनात माणसाच्या छातीपर्यंत येणारे टॉवर स्पीकर ऐकले. प्रत्येकात खालचे स्वर काढणारे आठ इंची दोन वूफर होते, आणि डग्ग्यावरची घुमक अशी काही आली की हेच घ्यायचे असे मी जागच्या जागी ठरवून टाकले. ते दालन सभागृहासारखे मोठे होते, जमिनीवर जाड गालिचा होता आणि भिंतींवर लाकडी पट्ट्यांची व कापडाची योजना होती. आपण त्यावेळी स्पीकर ऐकत नव्हतो, स्पीकर आणि ते दालन मिळून जे घडते ते ऐकत होतो, हे मला तिथे सुचले नाही.

घरी टेम्पोतून ते दोन मनोरे आले. खोलीच्या लांब भिंतीशी, कोपऱ्यांत ते उभे केले आणि समोरच्या भिंतीला सोफा टेकवला, कारण दार आणि खिडकी यांच्यामध्ये दुसरी सोयीची जागा दिसत नव्हती. पहिलीच ध्वनिमुद्रिका लावली ती काळी एकच्या पट्टीत, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या एका गायकाची. तानपुऱ्याचा खर्ज सुरू झाला आणि सगळी खोली एखाद्या रिकाम्या पिंपासारखी घुमू लागली. तबल्याची साथ आली तेव्हा डग्ग्याच्या बोलांमधले अंतर नाहीसे झाले. ‘धा’ आणि ‘गे’ सारखेच ऐकू येत होते, आणि एक बोल विरण्याआधी दुसरा त्यावर येऊन बसत होता. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचे ध्वनिमुद्रण लावले तर हा त्रास पुष्कळ कमी झाला. यंत्रात दोष असता तर त्याने पट्टी पाहून वागण्यात भेद केला नसता. हा भेदच मला खोलीकडे घेऊन गेला.

तानपुरा हाताळलेल्या माणसाला याचे कारण समजणे अवघड नाही. तारेची लांबी ठरली की तिचा स्वर ठरतो. तसेच समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ठरले की त्यांच्यामधल्या हवेचाही एक स्वर ठरतो. ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी त्या अंतराएवढी असते, तो ध्वनी भिंतींमध्ये उभा राहतो आणि वाढतो. ध्वनीचा वेग साधारण सेकंदाला ३४४ मीटर धरला तर १० फुटांच्या रुंदीतून ५६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांचा, स्वर निघतो, १२ फुटांच्या लांबीतून ४७ चा आणि साडेनऊ फुटांच्या उंचीतून ५९ चा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारख्या असल्यामुळे माझ्या खोलीचे दोन स्वर एकमेकांना खेटून बसले आहेत, आणि लांबी-रुंदी मिळून तयार होणारा आणखी एक स्वर ७३ च्या आसपास येतो. आता काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्यातला त्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ चा. तो नेमका या दाटीत सापडतो. काळी चारचा खर्ज १०४ वर असतो. तिथे खोलीचे स्वर संख्येने पुष्कळ होतात, म्हणून कोणा एकाचाच वरचष्मा राहत नाही.

त्यात दोन गोष्टी मी स्वतः वाढवून ठेवल्या होत्या. अशा उभ्या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि कोपऱ्यात तर सर्वच दिशांच्या लहरींचा दाब एकत्र येतो. स्पीकर कोपऱ्यात होते, म्हणजे खोलीचा प्रत्येक स्वर छेडायला अगदी योग्य जागी. आणि माझे डोके मागच्या भिंतीला टेकलेले होते, म्हणजे तो स्वर सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या जागी.

नाशिकचा ढोल गणपतीच्या मिरवणुकीत ऐकताना मी पुढे या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. रविवार कारंज्यापाशी शंभर पावलांवर ढोल असला तरी त्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, कारण डोक्यावर आकाश असते आणि ठोक्याला निघून जायला वाव असतो. तोच ठोका घराच्या बंद खोलीत शिरला की खिडकीची काच थरथरते आणि ठोक्याला शेपूट फुटते. ढोल एकच असतो.

बाईंच्या माजघराला चार भिंती होत्याच, तरी तिथे स्वर साचत नसे. याचे उत्तर मला बांधकामात सापडते. लाकडी तक्तपोशी खालच्या स्वरांबरोबर थोडी हलते आणि त्या हलण्यात स्वराची शक्ती खर्ची पडते. माजघराला दोन बाजूंनी बिनदाराच्या वाटा होत्या, त्यांतून उरलेला स्वर ओटीवर आणि परसात निघून जात असे. माझ्या खोलीला वरखाली काँक्रीटचा स्लॅब आहे, बाजूंना सिमेंटचा गिलावा केलेल्या विटांच्या भिंती आहेत आणि जमिनीवर गुळगुळीत टाइल आहे. यातले काहीच हलत नाही, त्यामुळे खालचा स्वर आत कोंडला जातो. परदेशी लेखनात लहान खोलीसाठी जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या भिंतींच्या घरांना धरून असतात. त्या भिंती स्वतःच खर्ज शोषतात, आपल्या शोषत नाहीत. म्हणून आपल्याकडे त्याच आकाराच्या खोलीत स्पीकर आणखी लहान घ्यावा लागतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

टॉवर स्पीकर मी आठ महिन्यांनी विकले. तोटा झाला, आणि त्याचे मला वाईटही वाटले. मग शोध सुरू झाला तो लहान, बंद पेटीच्या स्पीकरचा.

या जातीच्या स्पीकरचा इतिहास माझ्या अडचणीला नेमका लागू पडणारा होता. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी ‘एलएस ३/५ए’ नावाचा एक स्पीकर तयार केला. बाहेरच्या ध्वनिक्षेपणासाठी ज्या गाड्या नेल्या जात, त्यांच्या आत बसून आवाज तपासण्यासाठी तो हवा होता. म्हणजे माझ्या खोलीहूनही अडचणीच्या जागेसाठी. जेमतेम फूटभर उंचीची पेटी, आत सुमारे पाच लिटर हवा, ११० मिलिमीटरचा एक वूफर आणि वरच्या स्वरांसाठी एक लहानसा ट्वीटर, एवढाच त्याचा संसार. माणसाचा आवाज माणसाचा वाटला पाहिजे, ही त्याची कसोटी होती आणि सर्वांत खालच्या सप्तकाचा हव्यास त्यांनी जाणूनबुजून धरला नव्हता. त्याची रचना पुढे अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन बनवली आणि तिचे वंशज आजही विकले जातात. माझ्याकडे आहेत ते त्याच घराण्यातले, वापरलेले, पुण्याहून आणलेले.

बंद पेटीचा आग्रह मी का धरला, ते सांगायला हवे. पेटीला मागे किंवा पुढे भोक असले, म्हणजे पोर्ट असला, की त्या भोकातली हवा वूफरला साथ देते आणि लहान पेटीतूनही खोल खर्ज निघतो. मात्र ही साथ जिथे संपते त्याखाली आवाज एका सप्तकाला २४ डेसिबल या वेगाने कोसळतो. बंद पेटीत खर्ज लवकर ओसरू लागतो, पण सावकाश, सप्तकाला १२ डेसिबल या उताराने. माझ्या स्पीकरचा उतार ८० हर्ट्झच्या जरा खालपासून सुरू होतो. खोली स्वतःच ४७ आणि ५९ वर भर घालत असल्यामुळे तिच्या चढाला या उताराची जोड मिळते आणि दोन्ही मिळून बरीचशी सपाट जमीन तयार होते. पोर्टच्या स्पीकरमध्ये चांगले काही नसते असे मी म्हणत नाही. मोठ्या खोलीत मी कदाचित तेच घेतले असते.

मग ६९ हर्ट्झच्या खर्जाचे काय होते? तो ऐकू येतो, आणि पुरता ऐकू येतो. याचे श्रेय स्पीकरपेक्षा जवारीचे आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तार ज्या किंचित उताराला घासून कंप पावते आणि जिथे आपण सुताचा दोरा सरकवून जागा शोधतो, तिथे एका स्वरातून उपस्वरांची मोठी रांग निघते: १३९, २०८, २७७ आणि त्याहून वर कितीतरी. मूळ स्वर क्षीण असला, किंवा अजिबात नसला, तरी सारख्या अंतराने आलेल्या या उपस्वरांवरून आपला कान मूळ स्वर जाणून घेतो. लहान स्पीकरने हे उपस्वर स्वच्छ आणि योग्य प्रमाणात दिले तर खर्ज कानात आपोआप बांधला जातो, आणि तो कानात बांधला जात असल्यामुळे भिंतींमध्ये साचत नाही. हे मला ज्या संध्याकाळी पहिल्यांदा उमगले, त्या संध्याकाळी मी एकच विलंबित ख्याल तीन वेळा ऐकला, आणि तिन्ही वेळा मुख्यतः तानपुराच ऐकला.

निवड करताना मी जे ऐकत गेले ते यावरूनच ठरले. तानपुऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या ऐकू येतात का, की सगळ्याची एक गुणगुण होते? तबल्याच्या कडेला असलेल्या चाटेवरचा ‘ना’ आणि तिच्या आतल्या लवेवरचा ‘तिं’ यांतला फरक न शोधता कळतो का? सारंगी चिरकते का? हार्मोनियम गायकाच्या आवाजावर चढते का? पुण्याच्या त्या सद्गृहस्थांनी स्पीकर चार दिवस घरी नेऊन ऐकायची मुभा दिली, ही त्यांची मोठी कृपा. या स्पीकरची संवेदनशीलता कमी आहे, एका वॅटला एका मीटरवर सुमारे ८३ डेसिबल. पण साडेपाच फुटांवरून ऐकायचे असेल तर नेहमीच्या आवाजाला एखादा वॅट पुरतो, आणि तबल्याच्या एखाद्या जोरकस तिहाईसाठी तीस-चाळीस वॅटचा अँप्लिफायर पुष्कळ होतो.

मांडणीसाठी सगळी खोली फिरवली. सोफा बाहेर गेला. स्पीकर आखूड, १० फुटी भिंतीकडे आले आणि तोंड लांबीच्या दिशेने झाले. दोन्ही बाजूंना सारखे अंतर ठेवून मधोमध बसले की रुंदीचा ५६ हर्ट्झचा स्वर त्या जागी जवळजवळ शून्य होतो, हा या मांडणीचा सर्वांत मोठा लाभ. स्टँड अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. चौकोनी पोकळ नळीचे, दोन फूट उंच, आत धुऊन वाळवलेली वाळू ठासून. त्यामुळे ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येतो आणि स्टँड स्वतः वाजत नाही.

पहिल्या दिवशी मी स्पीकर मागच्या भिंतीपासून सव्वादोन फूट आणि बाजूच्या भिंतीपासूनही सव्वादोन फूट ठेवले, आणि वूफरची जमिनीपासूनची उंचीही योगायोगाने जवळपास तेवढीच भरली. कागदावर ते नेटके दिसत होते. कानाला मात्र पुरुष गायकाचा षड्ज पोकळ लागत होता, जणू आवाजाचा मधला गाभा कोणी काढून घेतला आहे. भिंतीवर आपटून परत येणारी लहर मूळ लहरीच्या अगदी उलट्या अवस्थेत भेटली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. सव्वादोन फुटांना हे १२५ हर्ट्झच्या आसपास घडते, आणि तिन्ही अंतरे सारखी असल्याने तिन्ही पृष्ठभाग एकाच जागी स्वर पुसत होते. स्पीकर सहा इंच पुढे ओढले, पावणेतीन फुटांवर आणले, आणि षड्जाला पुन्हा अंग आले. सहा इंचांचे एवढे मोल असेल यावर माझा स्वतः ऐकेपर्यंत विश्वास बसला नसता.

शेवटी ठरलेली मापे अशी: दोन स्पीकरमध्ये साडेपाच फूट, माझ्या कानापासून प्रत्येक स्पीकर साडेपाच फूट आणि माझ्या डोक्यामागे साडेचार फूट मोकळी जागा. जमिनीवर डकवलेल्या कागदी पट्ट्यांच्या खुणा अजून तशाच आहेत. स्पीकर किती आत वळवायचे हे ठरवायला मी पं. द. वि. पलुस्करांची ध्वनिमुद्रणे वापरली. त्यांचा जन्म १९२१ चा, आणि तोही नाशिकचा. १९५५ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्याआधी ते गेले, त्यामुळे त्यांचे जे गाणे आपल्यापर्यंत आले ते मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारे, आहे. मोनो मुद्रणाची एक शिस्त असते. दोन्ही स्पीकर आणि दोन्ही बाजूंची खोली सारखी वागत असेल तर गायक दोघांच्या बरोबर मध्ये, एका बिंदूवर बसतो. तो डावीकडे सरकला किंवा पसरट झाला, तर चूक मांडणीत आहे. माझ्याकडे दोन दिवस तो कुठेच बसत नव्हता, आवाज भिंतभर विखुरला होता आणि खर्जही गायब होता. मुलगा सुट्टीला आला, मागे वाकून पाहून म्हणाला, ‘‘आई, उजव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलट लागली आहे.’’ एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता. वायर बदलली आणि पलुस्करांचा आवाज समोर, हात पुढे केला तर लागेल अशा अंतरावर आला. आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

टाइल आणि उघड्या भिंती राहिल्या होत्या. बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे तीन फूट जास्त चालून, म्हणजे जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा माझ्यापर्यंत पोहोचतो. तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा कळत नाही, पण सारंगीला धार चढवतो आणि गायकाची जागा पुसट करतो. मी खुर्चीवर बसले, यजमानांनी भिंतीवरून आरसा सरकवत नेला, आणि ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथे खूण केली. त्या खुणांवर दोन इंच जाडीच्या रॉकवूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीच्या, सुती कापडात शिवलेल्या चौकटी टांगल्या. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला मला तीन जणांनी दिला. पातळ पुठ्ठा वरच्या स्वरांना थोडासा विखुरतो, यापलीकडे त्याचा उपयोग नाही आणि खर्जाला तर तो दिसतही नाही.

गाद्यांच्या बाबतीत मी अधिक विश्वासाने वागले. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द कळेनात, तेव्हा वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवून ध्वनी विरायला किती वेळ लागतो ते मोजले, आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. अशा अनेक रात्रींतून खोलीचे घनफळ आणि तिच्यातले शोषण यांचे सूत्र हाती आले. आमच्याकडे लग्नातल्या पाहुण्यांसाठी भरून घेतलेल्या कापसाच्या चार जाड गाद्या माळ्यावर पडून होत्या. त्या गुंडाळून, दोरीने बांधून, मागच्या दोन कोपऱ्यांत एकावर एक उभ्या केल्या. जमिनीवर जाजम अंथरले आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले. ५९ च्या स्वराला गाद्या फारसे काही करू शकत नाहीत, हे मला माहीत आहे. ती लहर पावणेसहा मीटर लांब असते. पण त्याच्या वरचा चिखल पुष्कळ निवळला.

उरलेली खडखड एका दुपारी शोधली. अगदी खालपासून हळूहळू चढत जाणारा एकच सलग स्वर लावला आणि खोलीभर फिरले. एका स्वराला लोखंडी कपाटाचे दार बोलले, दुसऱ्याला खिडकीची जाळी, तिसऱ्याला पंख्याची वाटी. रबराचे तुकडे आणि दोन स्क्रू यांत ते संपले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारूनही आले. टॉवर स्पीकरच्या काळात त्यांना रात्री पलंगातून घुमणे जाणवायचे, पण भिडेपोटी ते बोलले नव्हते. आता काही ऐकू येत नाही म्हणाले.

एवढे झाल्यावरही एक कोडे शिल्लक होते. काळी चारची गायिका लावली की तानपुरा अतिशय भरदार लागे आणि गाणे थांबल्यानंतरही क्षणभर रेंगाळे. मी ते स्पीकरचे यश मानून बसले होते. एकदा मध्येच आवाज बंद केला, तरी खोलीत षड्ज वाजतच होता. कोपऱ्यात गवसणी काढून उभा ठेवलेला माझा स्वतःचा तानपुरा, काळी चारलाच जुळवलेला, प्रत्येक षड्जाला आणि पंचमाला उत्तर देत होता. मी जवळ जाऊन तारांवर तळहात ठेवला, तेव्हा तो शांत झाला आणि ध्वनिमुद्रणातला तानपुरा एकटा, थोडा बारीक पण रेखीव ऐकू आला.

तेव्हापासून संध्याकाळी ऐकायला बसण्याआधी मी तो उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवते. पहाटे पुन्हा आत आणते आणि त्याच खुणेवर, मागे साडेचार फूट सोडून, जाजमावर बसते. पहिली काही मिनिटे तोंड उघडत नाही. पितळी तार सुटते, खर्ज खोलीत पसरतो, आणि पंचमाची पाळी येईपर्यंत विरलेला असतो.